गाडीत बसण्यापूर्वी

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने नायगाऱ्याचे वर्णन करावे, स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी काढलेले फोटो पाहुण्यांना चहाबरोबर दाखवावेत आणि तिकडे कोणी उगाच हॉर्न वाजवीत नाही हे दर चार वाक्यांनी सांगावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. मीही तो इमानाने पाळला. आमच्या सोसायटीतली मंडळी आता मला जिन्यात पाहिले की घाईने घड्याळाकडे पाहतात! पण त्या प्रवासातली एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नव्हती. ती धबधब्याची नाही आणि पुतळ्याचीही नाही. ती आहे एका मोटारीच्या दाराची. त्या दारापाशी एक म्हातारा मास्तर अर्धा मिनिट थांबला आणि मी साठ वर्षे मागे, कोकणातल्या एका बैलगाडीत जाऊन पडलो.

आमची मुलगी आणि जावई पेन्सिल्व्हेनिया राज्यात ज्या गावी राहतात, त्या गावाचे नावच मुळी स्टेट कॉलेज. आपल्याकडे एखाद्या गावाला 'सरकारी महाविद्यालय' असे नाव असावे आणि कंडक्टरने तसे ओरडून उतारू उतरवावेत, तशातला प्रकार. गाव विद्यापीठाचे. भोवताली लांबच लांब, एकमेकींना समांतर अशा डोंगररांगा. सतरंजी एका बाजूने रेटली म्हणजे तिच्या जशा घड्या पडतात, अगदी तशा. दोन घड्यांच्या मध्ये शेतांचे खोरे, आणि घड्यांवर ओक, मेपल आणि हेमलॉकचे जंगल.

आम्ही उभयता २०१९ च्या नोव्हेंबरात तिथे होतो. थँक्सगिव्हिंगचा सण २८ तारखेला होता, पण गावात लगबग दिसत होती ती निराळ्याच गोष्टीची. दुकानांत भडक नारिंगी रंगाच्या बंड्या आणि टोप्या टांगल्या होत्या. पेट्रोल पंपावर, बँकेत, औषधाच्या दुकानात एकच विषय : शनिवार. मी जावईबापूंना विचारले, "शनिवारी काय आहे? निवडणूक?"

"नाही बाबा. हरणं."

मग उलगडा झाला. शनिवारी, ३० तारखेला, रायफलीने हरणे मारण्याचा हंगाम सुरू व्हायचा होता. कित्येक वर्षे तो थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होत असे, आणि त्या दिवशी अनेक शाळांना चक्क सुट्टी असे. २०१९ साली प्रथमच तो दिवस शनिवारवर आणला, त्यामुळे जुनी मंडळी जरा नाराज होती. राज्यात शिकारीचा परवाना घेणारे आठ लाखांहून अधिक. पांढऱ्या शेपटीचे हरीण हा १९५९ पासून राज्याचा अधिकृत प्राणी, आणि त्याचीच शिकार! आपल्या मनाला हे पटायला वेळ लागतो. पण त्याच मंडळींचे पूर्वज १९०० च्या सुमारास या राज्यातली हरणे जवळजवळ संपवून बसले होते. १८९५ साली शिकारीवर देखरेख ठेवणारे गेम कमिशन निघाले, १९०६ पासून बाहेरच्या राज्यांतून हरणे आणून सोडली, नियम केले, ते पाळायला लावले, आणि आज हरणे लोकांच्या परसातली कोबी खाऊन जातात.

मुलीच्या शेजारी गणिताचे एक निवृत्त मास्तर राहत. वय पंच्याहत्तरीच्या घरात, उंच, बोलणे कमी. माझ्यासारखेच सकाळी सहाला उठून विनाकारण अंगणात फिरणारे, म्हणून आमची मैत्री जमली. डोंगरात त्यांची लाकडी झोपडी होती. तिला ती मंडळी 'कॅम्प' म्हणतात. शुक्रवारी तिथे जाऊन राहायचे आणि शनिवारी पहाटे जंगलात शिरायचे, हा त्यांचा पन्नास वर्षांचा नेम. त्यांनी मला आणि जावईबापूंना बोलावले. शिकार करायची नाही, नुसते चुलीपाशी बसायचे.

आमच्या सौभाग्यवतींनी ते ऐकले मात्र, त्यांच्या हातातली पळी तशीच राहिली.

"अहो, बंदुका ठेवलेल्या गाडीतून जाणार? खड्ड्यात गाडी आदळली म्हणजे?"

"अमेरिकेत खड्डे नसतात," मी म्हणालो. पण माझ्या आवाजात जोर नव्हता. ती बिचारी सहज बोलून गेली होती. मला मात्र पोटात काहीतरी हलल्यासारखे झाले.

शुक्रवारी दुपारी मास्तर आपली उघड्या हौद्याची गाडी घेऊन दारात आले. त्यांनी घरातून रायफल आणली. गाडीपासून पाच पावलांवर ते थांबले. नळी जमिनीकडे करून त्यांनी बोल्ट मागे ओढला, काडतुसाच्या घरात डोकावून पाहिले, मग करंगळी आत घालून चाचपले. मॅगझिन वेगळे काढून ते रिकामे असल्याचे पाहिले. एवढे झाल्यावर ती उघडी रायफल माझ्यापुढे धरून म्हणाले, "मला वाटते रिकामी आहे. तुम्हाला काय वाटते?"

मी आयुष्यभर बँकेत काढलेला माणूस. रोकड एकाने मोजली तरी दुसऱ्याने मोजायची, हे माझ्या हाडात मुरलेले. मी चष्मा पुसून आत पाहिले. पलीकडचा उजेड दिसला.

"रिकामी आहे," मी म्हणालो.

"मग आता ती गाडीत बसू शकते," असे म्हणून त्यांनी ती खोळीत घातली आणि मागे ठेवली. काडतुसांची पेटी निराळी, पुढे माझ्या पायाशी.

वाटेत मी कायद्याची चौकशी केली. मास्तर वर्गात शिकवावे तसे, एकेक पायरीने सांगू लागले. पेन्सिल्व्हेनियाचा शिकारीचा कायदा म्हणतो की यंत्रशक्तीने चालणाऱ्या कुठल्याही वाहनात, वाहनावर किंवा वाहनाला टेकवून भरलेली बंदूक ठेवता कामा नये.

"टेकवूनसुद्धा नाही?"

"नाही. गाडी चालू असो वा उभी असो. तुम्ही कॉफी ओतून घेण्यासाठी भरलेली रायफल बॉनेटला टेकवून ठेवलीत, तरी गुन्हा झाला. ती तिथून घसरते. आणि आम्हां म्हाताऱ्यांचे कुत्रे उडी मारून गाडीत चढतात, त्यांचे पंजे कुठेही पडतात."

'भरलेली' कशाला म्हणायचे, हेही ठरलेले. काडतूस नळीत असायलाच हवे असे नाही. बंदुकीला लावलेल्या मॅगझिनमध्ये एक जरी असले तरी ती भरलेली. गाडीतून उतरलात तरी रस्त्यावरून बार टाकायचा नाही. रस्त्यापासून पंचवीस यार्ड आत जायचे. म्हणजे एक हेतू माणसाच्या जिवाचा, आणि दुसरा हरणाचा. गाडीत पाय पसरून बसायचे, रस्त्याकडेला हरीण दिसले की काच खाली करून गोळी घालायची, याला तिथले खरे शिकारी शिकार म्हणतच नाहीत. गेम वॉर्डन रस्त्याकडेला हरणाचे खोटे बुजगावणे उभे करून असल्या गाडीवाल्यांना पकडतात, असे मास्तर सांगत होते. आपल्याकडेही रात्री जीपवर दिवा लावून जनावरे टिपणारे 'शिकारी' एके काळी काय कमी होते? १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांचे दिवस संपवले.

"पण मी वर्तमानपत्रात वाचतो," मी म्हणालो, "की इथे लोक खिशात, गाडीत भरलेली पिस्तुले घेऊन हिंडतात. ते कसे चालते?"

मास्तर हसले. "चांगला विद्यार्थी नेमका हाच प्रश्न विचारतो. ज्याच्याजवळ पिस्तुलाचा परवाना आहे, त्याला इथे ते भरलेले गाडीत ठेवता येते. त्याच परवान्यावर लांब नळीची बंदूक, म्हणजे रायफल किंवा शॉटगन, भरून ठेवता येत नाही."

"म्हणजे लहान भरलेली चालते, मोठी चालत नाही?"

"पिस्तूल स्वतःच्या रक्षणासाठी, असे कायदा धरून चालतो. रायफल शिकारीसाठी. आणि मोटारीत बसून शिकार करायची नसते."

पन्नास राज्यांची पन्नास तऱ्हा, हेही त्यांच्याकडून कळले. टेक्सासात माणसाने आपल्या गाडीत भरलेली रायफल ठेवली तर राज्याचा कायदा सहसा आड येत नाही. मिशिगनमध्ये ती रिकामी हवी, आणि खोळीत किंवा डिकीतही हवी. विस्कॉन्सिनमध्येही खोळीची सक्ती होती. २०११ साली ती गेली, पण रिकामी असण्याची अट राहिली. एका राज्यातून दुसऱ्यात जाताना गोंधळ होऊ नये म्हणून १९८६ साली केंद्र सरकारने कायदा केला : बंदूक रिकामी असावी, बसल्या जागेवरून हात पोचणार नाही अशी ठेवावी, गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद पेटीत.

"हे सगळे काळजीपोटीच झाले असे मात्र समजू नका," मास्तर म्हणाले. "कॅलिफोर्नियात १९६७ साली कायदा कडक झाला तो हरणांसाठी नव्हे. ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्षाचे काळे तरुण भरलेल्या बंदुका घेऊन गाड्यांतून पोलिसांच्या मागे फिरत, पोलीस काळ्यांशी कसे वागतात यावर नजर ठेवायला. ते राज्यकर्त्यांना रुचले नाही. सार्वजनिक जागी भरलेल्या बंदुका बाळगायला बंदी आली; गव्हर्नर रेगन यांनी सही केली. बंदुकीच्या कायद्यावर या देशात दोन माणसांचे एकमत होत नाही. पण शिकारीहून परत येताना गाडीपाशी बंदूक रिकामी करावी, यावर माझ्या ओळखीच्या एकाही शिकाऱ्याने माझ्याशी वाद घातलेला नाही."

मला प्रदेश दाखवायचा म्हणून त्यांनी गाडी डोंगरापलीकडच्या बिग व्हॅली नावाच्या खोऱ्यात उतरवली. तिथे अॅमिश पंथाचे शेतकरी राहतात. मोटार नाही, घरात वीज नाही. घोड्यांच्या छपरी बग्ग्या. कोणाच्या बग्गीचे छप्पर पांढरे, कोणाचे पिवळे, कोणाचे काळे. ज्याच्या त्याच्या मंडळीप्रमाणे रंग ठरलेला. एका पिवळ्या बग्गीत मागे गवताचे भारे होते आणि त्यावर एक आठ-दहा वर्षांचा मुलगा पाय पसरून बसला होता. बग्गी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी मान वळवून पाहत राहिलो.

झोपडीत पोचलो तेव्हा अंधार पडला होता. मास्तरांनी शेगडी पेटवली. भिंतीवर दोन जुन्या बंदुका टांगल्या होत्या. एक चकमकीची, माणसाएवढी लांब. अठराव्या शतकात जर्मनीतून आलेल्या लोहारांनी आणि बंदूककारांनी याच राज्यात हा नमुना घडवला; पुढे तो केंटकीच्या नावाने प्रसिद्ध झाला याचा इकडे अजून राग आहे. २०१४ साली या लांब रायफलीला राज्याची अधिकृत बंदूक ठरवून त्यांनी तो राग थोडा शांत केला. चकमकीच्या बंदुकांचा खास हंगामही १९७४ पासून आहे, नाताळानंतरच्या थंडीत.

दुसरी बंदूक आखूड, साधी. तिच्या नळीच्या मागच्या टोकाशी पोकळ खुंटी होती आणि तिच्यावर वाकलेला घोडा. ती मी लगेच ओळखली.

"ही तोंडातून भरायची," मास्तर म्हणाले. "दारू, चिंधी, गोळी. गजाने ठासायची. मग या खुंटीवर..."

"केप बसवायची," मी मराठीतच बोललो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी विचारले, "ही एकदा ठासली म्हणजे रिकामी कशी करणार? बार काढल्याशिवाय ती रिकामी होत नाही. मग गाडीत बसताना तुमचा कायदा काय म्हणतो?"

"कायद्याने त्याचाही विचार केला आहे. दारू आणि गोळी आत राहिली तरी चालेल. खुंटीवरची टोपी काढली की बंदूक रिकामी समजायची. चकमकीची असेल तर वाटीतली रंजक झाडून टाकायची. बस्स."

"एवढेच?"

"एवढेच. दोन बोटांचे काम."

मी खुर्चीत बसलो. जावईबापूंनी विचारले, "बाबा, बरं वाटत नाही का?" आणि जे मी माझ्या बायकोला चव्वेचाळीस वर्षांत सांगितले नव्हते, ते त्या दोघांना सांगितले.

१९५८ सालची दिवाळी. मी दहा वर्षांचा. सावंतवाडीजवळच्या आजोळी सुट्टीला गेलो होतो. भात कापून खळ्यावर आले होते आणि उरलेल्या मळ्यात रात्री डुकरे घुसत. मामाकडे पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक होती. ती तो कशी ठासतो हे पाहायला मला फार आवडे. शेवटी तो तांब्याची इवलीशी वाटीसारखी केप खुंटीवर बसवी. मी माझ्या टिकल्यांच्या पिस्तुलातली टिकली तिच्याशेजारी धरून बघे. मामा म्हणे, "दोन्ही सारख्याच. तुझी टिकली आवाज करते, माझी टिकली डुक्कर पाडते."

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री हट्ट करून मी मामाबरोबर मळ्यातल्या मांगरात झोपायला गेलो. रात्रभर डुक्कर फिरकले नाही. पहाटे अभ्यंगस्नानाला घरी पोचायचे म्हणून आम्ही बैलगाडीत बसलो. मामाचा गडी गाडी हाकायला पुढे. मला त्याने खांद्यावर बसवून जत्रेत फिरवले होते, माझ्यासाठी करवंदांचे द्रोण भरून आणले होते. मामा मागून पायी येत होता. बंदूक ठासलेलीच होती. बार फुकट घालवायचा म्हणजे दारूगोळ्याचे पैसे वाया. मामाने ती पेंढ्याखाली ठेवली होती, नळी पुढच्या बाजूला. केप जागच्या जागी आणि घोडा तिच्यावर टेकलेला. मी पेंढ्यावर पाय पसरून बसलो. गडी मागे वळून म्हणाला, "झिला, घट धर हां, पुढे व्हाळ आसा."

व्हाळात चाक उतरले, गाडी एका बाजूला कलली, मी सावरायला पाय ताणले, आणि बार झाला.

गावात लोकांना वाटले, कोणी पोराने पहाटेच मोठा फटाका उडवला. गडी तीन दिवस जगला. भाऊबीजेच्या दिवशी गेला. त्याच्या घरी बायको आणि चार वर्षांचा मुलगा. पोलीस आले, पंचनामा झाला, अपघात म्हणून नोंद झाली. मामाने बंदूक सरकारजमा केली, त्या मुलाचे शिक्षण केले, घरासाठी जमीन दिली, आणि पुढे मरेपर्यंत दिवाळीत त्याने घरात टिकलीसुद्धा वाजू दिली नाही. या सगळ्यात मला कोणी एक प्रश्न विचारला नाही. माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला त्या वेळी पेंढ्याखाली काहीतरी थंड, कठीण लागले होते. ते बंदुकीचा घोडा होता की गाडीचा खिळा होता, हे मला आजतागायत माहीत नाही.

शेगडीतले लाकूड फुटल्याचा आवाज आला. मास्तर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "टोपी काढलेली नव्हती."

"नाही."

"मग पाय कोणाचा, हा प्रश्नच नाही. आमचा कायदा पाय कोणाचा ते विचारीत नाही. कुत्र्याचा पाय असो, मुलाचा असो, रस्त्यातला दगड असो. गाडी म्हटली की ती हलणार. म्हणून तो एवढेच विचारतो, की बंदूक गाडीत गेली तेव्हा ती भरलेली होती का."

मी म्हणालो, "तुमचा कायदा यंत्रावर चालणाऱ्या वाहनाचा. आमची बैलगाडी होती."

माझा आक्षेप त्यांनी गंभीरपणे घेतला, एखाद्या मुलाने फळ्यावरच्या गणितात चूक काढावी तसा. "शिकारीच्या कायद्यात तसे शब्द आहेत खरे. पण राज्याच्या फौजदारी कायद्यात 'कोणतेही वाहन' म्हटले आहे. बैलगाडी वाहनच आहे."

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या पायावरचे ओझे थोडे हलके झाले होते, पण ते उचलून ठेवायचे कुठे? मामावर? ज्या मामाने आयुष्यभर त्याची भरपाई केली त्याच्यावर? मामाजवळ परवाना होता. तेव्हा आपल्याकडे इंग्रजांचा १८७८ चा हत्यारांचा कायदा चालू होता. त्या बरहुकूम मिळालेला परवान्याचा कागद मामा देव्हाऱ्याच्या खणात जपून ठेवी. बंदूक कोणाजवळ असावी हे त्या कागदात होते. ती गाडीत ठेवताना दोन बोटांनी काय करावे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याच्या बापानेही त्याला सांगितले नसावे. कारण बापाची बंदूक खांद्यावरूनच जात असे.

शनिवारी पहाटे मास्तर नारिंगी बंडी घालून अंधारात निघून गेले. डोके, छाती, पाठ मिळून दोनशेपन्नास चौरस इंच नारिंगी रंग चहूबाजूंनी दिसला पाहिजे, असा नियम आहे. उजाडता उजाडता डोंगरात दूरवर बार ऐकू येऊ लागले. प्रत्येक बाराला मी दचकत होतो. जावईबापू मुकाट्याने माझ्याजवळ बसून राहिले, एवढे मला आठवते.

संध्याकाळी आम्ही जंगलातल्या रस्त्याकडेला, जिथे गाड्या उभ्या करतात, तिथे मास्तरांना आणायला गेलो. झाडीतून एकेक नारिंगी ठिपका बाहेर येत होता. थंडीने गारठलेली, दमलेली माणसे. कधी एकदा गाडीत शिरून ऊब घेतो असे झालेली. पण एकूण एक माणूस गाडीपासून चार पावलांवर थांबत होता. बोल्ट मागे ओढल्याचा आवाज, मग काडतुसे तळहातावर पडल्याचा आवाज. एक बाप आपल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन आला. मुलगा थेट दाराकडे निघाला. बापाने नुसते त्याचे नाव घेतले. मुलगा थांबला, मागे फिरला, नळी खाली करून त्याने काडतुसे काढली, आणि उघडी रायफल बापापुढे धरली. बापाने वाकून पाहिले. मग स्वतःची उघडून मुलापुढे धरली. मुलानेही वाकून पाहिले.

मास्तरांना काहीच मिळाले नव्हते. परतीच्या वाटेवर वॉर्डनने गाडी थांबवली. मास्तरांनी त्याला रिकामी रायफल दाखवली, त्याने मान हलवली आणि आम्हाला जाऊ दिले. सारा प्रकार एका मिनिटाचा.

परत आल्यावर गावी जायचे मी मनाशी ठरवले होते. पण २०२० च्या मार्चपासून करोनाने सगळ्यांनाच घरात बसवले. २०२१ च्या दिवाळीत एकदाचा गेलो. गड्याचा मुलगा आता सदुसष्टीचा झालेला, सून-नातवंडांचे घर. मामाने दिलेल्या त्या जमिनीवर आता पोफळीची बाग आहे. त्याने मला ओसरीवर बसवले, चहा आला, फराळ आला. मी चकलीचा तुकडा हातात धरून बसलो होतो. शेवटी एका दमात सांगून टाकले : त्या दिवशी बहुतेक माझा पाय लागला होता.

तो अंगणातल्या तुळशीकडे पाहत होता. मग म्हणाला, "माका ठावक आसा."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो.

"बापूस गेलो तेच्या आदल्या दिसा आवशीक सांगून गेलो. झिलाचो पाय लागलो, पण त्याका कोणी काय एक बोला नकात. आवशीन माका मरताना सांगितल्यान."

अंगणात त्याचा नातू टिकल्यांचे पिस्तूल वाजवीत होता. आम्ही दोघे म्हातारे काही न बोलता तो आवाज ऐकत बसलो. मग मी त्याला पेन्सिल्व्हेनियातल्या मास्तरांची गोष्ट सांगितली. डोंगरातली झोपडी, भिंतीवरची बंदूक, आणि तिथला कायदा : गाडीत बसण्यापूर्वी केप काढायची.

त्याने विचारले, "इतक्याच?"

"इतकेच," मी म्हणालो.

तो उठला, अंगणात गेला, आणि नातवाच्या हातातले पिस्तूल घेऊन ते कसे उघडायचे आणि आतली टिकली कशी काढायची ते त्याला दाखवू लागला.